तीन फेऱ्या बाकी होत्या

त्रेवानोग, वेल्स
२३ ऑक्टोबर २००५

क्लेम,

लागला एकदाचा! तुझ्या मावसभावावरचा सिनेमा काल आपल्या कामगार हॉलमध्ये लागला. कंपनी आधी कार्डिफला दाखवणार होती, पण आमच्या चाहता मंडळाने त्यांना कळवलं की इस्लविन मॅडॉक त्रेवानोगचा आहे, कार्डिफचा नव्हे. मंडळाचा अध्यक्ष मीच, तेव्हा पत्रातली भाषा कशी होती ते तुला सांगायला नको.

चारच्या खेळाला दोनपासून रांग. एमरिस पाववाल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले नाहीत, तरी कुबड्या घेऊन पहिल्या रांगेत हजर. डिलविन ट्रेहार्न तर चौऱ्याहत्तरच्या लढतीचं तिकीट कोटाला टाचून आला होता. आम्ही सगळे म्हातारे पुढे बसलो, रिंगच समोर असल्यासारखे.

पहिला अर्धा तास नुसत्या चुका काढण्यात गेला. इस्लविनचं काम करणारा पोरगा लंडनचा. दिसायला बरा, पण आपल्यासारखं बोलायला गेला की सर्दी झाल्यासारखा वाटतो. आणि जॅबचा ठोसा मारून झाला की डावा हात खाली सोडतो! इस्लविनने कधी सोडला होता का रे? तिसऱ्यांदा सोडला तेव्हा डिलविन अंधारात ओरडला, "अरे गाढवा, डावा वर घे!" मागून त्याची बायको म्हणाली, "डिल, त्याला ऐकू येत नाही." तर हा म्हणतो, "म्हणूनच मार खातोय." हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

मग कार्डिफची लढत आली. इथून निघालेल्या आपल्या अकरा बस दाखवल्यात, रंग चुकलाय. ब्रुनेलीचं काम करणारा मात्र अस्सल इटालियन, तीच बैलासारखी मान. क्लेम, एकतीस वर्षांनी माझ्या तळहातांना घाम फुटला. आठव्या फेरीत इस्लविनने त्याला दोरांवर रेटलं तेव्हा सगळा हॉल उभा राहिला. एमरिस एका कुबडीवर. "युरोपचा विजेता! युरोपचा विजेता!" हे ओरडणं आम्ही तेव्हा अर्ध्यावर सोडलं होतं ना, ते काल तिथून पुढे सुरू झालं.

शेवट तुला माहीतच आहे. बायका रडल्या, पुरुषांनी नाकं शिंकरली.

तूसुद्धा आहेस हं सिनेमात. तुझ्यासाठी चांगला उंच नट घेतलाय, देवाने तुला दिली नाही ती उंची कंपनीने दिली. कोपऱ्यात उभा असतो, बादली, स्पंज वगैरे. फार बोलत नाही.

इस्लविनला आणलं नव्हतं. मेअरवेन म्हणाली, भाऊ आता गर्दीत घाबरतो, वृद्धाश्रमातच बरा. तिच्यापुढे कोण बोलणार?

तुमच्या बेटावर कुठला सिनेमा यायला! मेंढ्यांना दाखवून काय उपयोग, म्हणा.

तुझा
हेडन

•

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
६ नोव्हेंबर २००५

हेडन,

पत्र मिळालं. वारा आहे. बोट दोन दिवस आली नाही.

बसचा रंग हिरवा होता, खालचा पट्टा पिवळट. त्यांनी कुठला दाखवला?

इस्लविन जेवतो का? मेअरवेनने गेल्या नाताळात लिहिलं होतं की तो तिला कधीकधी आई म्हणून हाक मारतो. नंतर तिचं पत्र नाही.

इंगाला जाऊन या महिन्यात चार वर्षं झाली. तिच्या कोंबड्यांपैकी दोन उरल्या आहेत. अंडी देत नाहीत. ठेवल्यात.

शेवट मला माहीत आहे असं तू लिहिलंस. लढतीचा माहीत आहे. सिनेमाचा कसा केलाय ते तू लिहिलं नाहीस.

क्लेम

•

त्रेवानोग
२७ नोव्हेंबर २००५

क्लेम,

बस निळ्या दाखवल्यात. डिलविन कंपनीला पत्र लिहिणार आहे.

शेवटाचं काय सांगायचं? तेराव्या फेरीत आपल्या कोपऱ्यातून टॉवेल पडतो आणि आपण लढत हरतो, जसं झालं तसंच. सिनेमावाले जरा तिखटमीठ लावणारच, त्यांचं पोट आहे त्यावर. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि बघायच्याही भानगडीत पडू नकोस. आपण खरं पाहिलेली माणसं, खोटं कशाला बघायचं?

इस्लविन जेवतो. मेअरवेनने त्याला कंपनीकडून सिनेमाची तबकडी आणून दिली, तर रोज लावून मागतो. जेवणानंतर एकदा, चहानंतर एकदा. तिथल्या नर्स म्हणतात, एवढा शांत तो कधीच बसत नव्हता. चला, तेवढं तरी सुख.

मंडळाच्या क्लबात सध्या रंगकाम चाललंय. भिंतीवरचे फोटो सगळे उतरवलेत. पसारा नुसता.

पुढच्या १६ मार्चला लढतीच्या दिवशीचं वार्षिक जेवण. यंदा दीडशे माणूस होणार. पोरंसोरंही सभासद व्हायला लागलीत, ज्यांनी इस्लविनला फक्त पबमध्ये ग्लास पुसताना पाहिलंय. सिनेमाची कृपा.

कोंबड्या खाऊन टाक रे. इंगा काही म्हणणार नाही.

हेडन

•

स्ट्रॉमनेस
१५ जानेवारी २००६

हेडन,

सिनेमा बघितला.

इथे वर्षातून काही वेळा एक ट्रक येतो. धक्क्यावर उभा राहतो, त्याच्या दोन्ही बाजू बाहेर सरकतात, आत ऐंशी खुर्च्या. गेल्या शनिवारी दुपारी थोरा फ्लेट दोन तिकिटं घेऊन दारात आली. थोरा म्हणजे शेजारीण, इंगाची मैत्रीण. म्हणाली, "क्लेम, तुमच्या वेल्सचा सिनेमा आहे. चल, घरात बसून कुजू नकोस." मी वेल्सचा, एवढंच तिला माहीत. बॉक्सिंगचं मी इथे कधी कोणाला सांगितलं नाही. बोटीच्या इंजिनखोलीत कोणी विचारत नाही.

त्यात माझं नाव क्लेमच आहे. आडनाव बदललंय. बाराव्या फेरीनंतर तो माणूस थरथरायला लागतो. खिशातून चपटी बाटली काढून घोट घेतो. इस्लविन त्याला म्हणतो, "तीन फेऱ्या, क्लेम, फक्त तीन." मग तेराव्यात तो टॉवेल टाकतो. इस्लविन गुडघ्यावर बसतो आणि "का? का?" म्हणून ओरडतो. मग बराच वेळ आवाज नाही, फक्त त्याचा चेहरा. त्या पोराने काम चांगलं केलंय.

ट्रकमधले लोक चिडले. माझ्या एका बाजूला जॉन रेंडल होता. चौदा वर्षं आम्ही एकाच बोटीवर काम केलं. तो म्हणाला, "हा माझ्या बोटीवर असता ना, समुद्रात ढकलला असता." दुसऱ्या बाजूने थोराने माझा दंड धरला. म्हणाली, "असल्या भावापेक्षा वैरी परवडला." मी म्हणालो, "हो."

मी दारू पीत नाही हे तुला माहीत आहे.

शेवटी पडद्यावर नावं सरकत होती. लोक उठून गेले, पण थोरा दिवे लागेपर्यंत बसते. "विशेष आभार" असं आलं आणि खाली "हेडन पग्सली, त्रेवानोग". आडनाव बरोबर लिहिलंय. त्याखाली दुसरं कोणाचं नाव नव्हतं.

घरी आलो. कोंबड्यांना दाणे टाकले. आता काहीतरी वाटेल म्हणून खुर्चीत बसून राहिलो. काही वाटलं नाही. आठवडा झाला, अजून नाही.

क्लेम

•

त्रेवानोग
२२ जानेवारी २००६

क्लेम,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसंच जाऊ दे.

हो. मीच.

दोन वर्षांपूर्वी सिनेमाची माणसं आली. इस्लविनला तेव्हाच धड सांगता येत नव्हतं. मेअरवेनने दार लावून घेतलं. मग ती माणसं माझ्याकडे आली. चहा प्यायली, मी त्यांना माझी वही दिली. तीच, प्रत्येक फेरीचे गुण लिहायचो ती. बारा फेऱ्या, इस्लविन दोन गुणांनी पुढे. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "पुढे होता, तर मग टॉवेल का पडला?" मी म्हणालो, "क्लेम घाबरला असणार." एवढंच. देवाशप्पथ एवढंच. बाटली त्यांची. घाबरणं माझं.

आणि रंगकाम वगैरे काही नव्हतं. तुझा एकट्याचा फोटो उतरवला. सिनेमा लागल्यानंतरच्या सोमवारी सभा झाली, ठराव झाला, खाली सही माझी. एमरिस म्हणाला, "खिळा तरी राहू दे." तर डिलविनने खिळाही उपटला.

आता मला काय म्हणायचं ते म्हण. पण क्लेम, एक गोष्ट मला पण विचारू दे. लढतीनंतर आठ वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. मग इंगाशी तुझं लग्न ठरल्याचं कार्ड आलं आणि आपण पुन्हा लिहायला लागलो, आणि एवढ्या वर्षांत कोंबड्यांपासून कंबरदुखीपर्यंत सगळं लिहिलं, तेवढं एक सोडून. का टाकलास? तो उभा होता रे. स्वतःच्या पायांवर उभा होता. तीन फेऱ्या बाकी होत्या. माझे वडील माझ्या शेजारी बसले होते, खाणीच्या धुळीने छाती भरलेली, दर दहा पावलांवर थांबायचे. डॉक्टरांनी नको म्हटलं तरी आले. मला म्हणाले होते, "आपल्यातलं कोणीतरी जिंकलेलं एकदा बघतो, मग काय व्हायचं ते होऊ दे." परतताना अकरा बसमधून एक शब्द ऐकू आला नाही. ते जून महिन्यात गेले.

तू का टाकलास?

हेडन

•

स्ट्रॉमनेस
१२ फेब्रुवारी २००६

हेडन,

विचारलंस म्हणून लिहितो. आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं.

तुझ्या वडिलांचं मला माहीत होतं. ते कुठे बसले होते तेही मी पाहिलं होतं.

बाराव्या फेरीनंतर इस्लविन स्टुलावर बसला. मी तोंड पुसत होतो. तो म्हणाला, "क्लेम, डावीकडे काळं झालंय." मला वाटलं सूज असेल. मी दोन बोटं धरली. "किती?" म्हणून विचारलं. तो म्हणाला, "हात कुठाय तुझा?"

तो डोळा आधीच गेलेला होता. दीड महिना आधी सरावात मार बसला होता, तेव्हापासून कडेचं दिसत नव्हतं. लढतीआधीच्या तपासणीत त्याने डॉक्टरांसमोर अक्षरांचा तक्ता घडाघडा म्हटला. तो तक्ता त्याच्याकडून मीच पाठ करून घेतला होता. तेवढा दोष माझा आहे. त्यासाठी मला कोणी बोललं नाही.

मी म्हणालो, "मग थांबवतो." तो म्हणाला, "थांबव. पण मी सांगितलं असं कोणाला कळता कामा नये. मॅडॉक स्टुलावरून उठलाच नाही, असं नको. मी उठतो. मिनिटभर उभा राहतो. मग तू टाक. मी चिडेन. तू काही बोलायचं नाही." मी म्हणालो, "बरं." त्याने विचारलं, "कधीच नाही?" मी म्हणालो, "कधीच नाही."

घंटा झाली. मी घड्याळाकडे बघत होतो. त्या मिनिटात ब्रुनेलीचे चार ठोसे बसले. मग टाकला. तो चिडला. असा चिडला की क्षणभर मलाच वाटलं, मी चुकलो.

नंतर कपडे बदलायच्या खोलीतून सगळे गेल्यावर त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढे त्याविषयी कधीच बोलला नाही. मला बघितलं की त्याला ते आठवत असणार. पबमध्ये लोक त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, "तूच जिंकला असतास." मी कोपऱ्यात उभा असलो की त्याला ते ऐकताना त्रास व्हायचा. सप्टेंबरात मी निघून आलो. तो स्टेशनवर आला नाही. आला असता तर लोकांनी काय म्हटलं असतं?

त्या तीन न झालेल्या फेऱ्यांवर त्याचं आयुष्य निघालं. वाईट गेलं नाही. माझंही नाही.

हे तुझ्यापाशी ठेव. मंडळात वाचायचं नाही. मेअरवेनला सांगायचं नाही.

क्लेम

•

त्रेवानोग
५ मार्च २००६

क्लेम,

तू सांगू नको म्हणालास. सांगितलं नाही. पण विचारू नको असं म्हणाला नव्हतास. मंगळवारी मी इस्लविनकडे गेलो.

खिडकीशी बसला होता. मला ओळखलं असं वाटलं, "ये" म्हणाला. हवापाण्याचं झालं. मग मी हळूच म्हणालो, "इस्लविन, कार्डिफला तुझ्या डोळ्याला काय झालं होतं रे?"

"कसला डोळा?"

"डावा. दिसत नव्हतं ना?"

"मला सगळं दिसत होतं," तो म्हणाला. "क्लेम प्यायला होता. खिशातून बाटली काढली त्याने. मी बघितलं ना."

मग तो पुढे वाकला आणि म्हणाला, "मी त्याला सांगितलं, तीन फेऱ्या, क्लेम, फक्त तीन." आणि क्लेम, हे तो त्या लंडनच्या पोराच्या आवाजात म्हणाला. तसंच, नाकातून. साठ वर्षं आपल्यासारखं बोललेला माणूस. मग रडायला लागला. खरं रडत होता, गालावरून पाणी. नर्स धावत आली आणि मला म्हणाली, "काय बोललात तुम्ही त्यांना?"

बाहेर येऊन बाकावर बसलो. राग येईल, वाईट वाटेल असं वाटत होतं. पण तू म्हणतोस तसंच झालं, नुसतं रिकामं.

खोटं सांगत नाही, घरी येईपर्यंत मला वाटत होतं, कुणाचं खरं धरावं? एकाला आठवत नाही, एक बत्तीस वर्षांनी सांगतोय. म्हणून कपाटातून वही काढली. सिनेमावाल्यांनी परत पाठवल्यापासून उघडली नव्हती. बाराव्या फेरीखाली माझी बेरीज, दोनदा अधोरेखित. आणि त्याच्याखाली तेराव्या फेरीसमोर, टॉवेल पडायच्या आधी, माझ्याच अक्षरात लिहिलंय: "चार उजवे, सगळे लागले. ह्याला दिसत नाहीत का?"

माझ्या हाताने लिहिलेली ओळ. बत्तीस वर्षं मी फक्त बेरीज वाचत आलो.

हेडन

•

स्ट्रॉमनेस
१० मार्च २००६

हेडन,

वही जपून ठेव, पण कोणाला दाखवू नकोस. तो रडला म्हणतोस. पुन्हा विचारू नकोस त्याला. त्याला जे आठवतं ते राहू दे.

क्लेम

•

त्रेवानोग
१९ मार्च २००६

क्लेम,

तुझा शब्द मोडलेला नाही, हे आधी सांगतो. मग शिव्या दे.

गुरुवारी वार्षिक जेवण झालं. एकशे बासष्ट माणसं. सूप वाढल्यावर अध्यक्षाने उठून इस्लविनच्या नावाने ग्लास उंचवायचा, ही पद्धत. मी उठलो. भाषण खिशात होतं, दरवर्षीचंच. ते काढलं नाही. म्हणालो, "सिनेमावाल्यांना मी सांगितलं की क्लेम घाबरला. मी त्या कोपऱ्यात नव्हतो. मला काही माहीत नव्हतं. मी मनचं सांगितलं." मग वहीतली ती ओळ वाचली. फक्त ती ओळ. का दिसत नव्हतं, कोणाला माहीत होतं, कोण काय म्हणालं, यातलं एक अक्षर नाही. ते तुझं आणि त्याचं. पण मी माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगायला मला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी म्हणालो, "त्या रात्री पोराला दिसत नव्हतं आणि आपण सगळे ओरडत होतो, मार, मार. घाबरायला हवं असं एकाच माणसाला कळलं."

तुला वाटेल, कोणी टाळी वाजवली असेल. कोणी नाही. डिलविन म्हणाला, "बस खाली, हेडन. सूप निवतंय." दोन टेबलं उठून गेली. तीसेक वर्षांचा एक जण, नवा सभासद, माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, आम्ही सिनेमा बघितलाय. आम्हाला माहितीये काय झालं ते." मी म्हणालो, "हो बाबा." एमरिस तेवढा शेजारी बसून राहिला. त्याने माझ्या ताटात एक बटाटा वाढला.

शुक्रवारी माझं अध्यक्षपद काढून घेतलं. पत्र घेऊन डिलविनच आला. दारात उभा राहिला, आत ये म्हटलं तर नको म्हणाला. साठ वर्षांची दोस्ती, क्लेम. मला त्याचा राग येत नाही. त्याला तो सिनेमा हवाय. मलाही हवाच होता.

आता मुख्य गोष्ट. काल मेअरवेन आली. जेवणातलं सगळं तिच्या कानावर गेलेलं. मला वाटलं, ही आता धुवून काढणार. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. म्हणाली, "इस्लविन चार दिवस झाले, खात नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. क्लेमला कळव. यायचं असेल तर आत्ता यावं म्हणावं." मी विचारलं, "तू बोलावतेयस?" ती म्हणाली, "मावशीचा मुलगा आहे तो माझ्या. मी कशाला बोलवायला हवं?"

खोली तयार आहे. स्टेशनवर मी येतो.

हेडन

•

स्ट्रॉमनेस
९ एप्रिल २००६

हेडन,

बुधवारी पोचलो. बोट हलत होती, पण वेळेवर आली. तुझ्या डब्यातला केक इन्व्हर्नेसपर्यंत पुरला.

तीन दिवस तुझ्याकडे राहिलो. वृद्धाश्रमात गेलो तेव्हा तू बाहेर बाकावर बसलास. मी परत आल्यावर आत काय झालं ते तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. तोंडाने सांगता आलं नसतं. लिहितो.

तो पलंगावर उशांना टेकून होता. फार लहान झालाय. मेअरवेनने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि बाहेर गेली. मी खुर्ची ओढली. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "केस कापायला आलास का?"

मी म्हणालो, "हो."

कात्री नव्हती. कपाटावर कंगवा होता. तो ओला करून मी त्याचे केस विंचरत राहिलो. त्याला बरं वाटत होतं. डोळे मिटले. मग म्हणाला, "तू बॉक्सिंग बघतोस?"

"कधीतरी."

"मी खेळायचो."

"माहीत आहे."

"माझा एक मावसभाऊ होता. क्लेम. त्याने टॉवेल टाकला."

"ऐकलंय मी."

"लोक फार शिव्या घालतात त्याला."

"हो," मी म्हणालो.

मला वाटलं, झोपला. मी कंगवा ठेवून दिला. तेव्हा त्याने माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच आहे. म्हणाला, "तुझ्याकडे येतो का रे तो, केस कापायला?"

मी म्हणालो, "येतो."

"आला की त्याला सांग, मी काही मनात ठेवलेलं नाही. माफ केलं म्हणावं. तीनच तर फेऱ्या होत्या."

"सांगतो."

"विसरशील."

"नाही विसरणार."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. मग तो झोपला. मी थोडा वेळ बसलो आणि बाहेर आलो. तू बाकावरून उठलास आणि आपण पाव घ्यायला गेलो.

गुरुवारी मेअरवेनचा फोन आला. तुला आधीच कळलं असेल. अठरा तारखेच्या मंगळवारी चॅपेलमध्ये अंत्यप्रार्थना आहे म्हणाली. मी येणार नाही. तिथे मी उभा राहिलो तर लोक त्याच्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतील. तो त्याचा दिवस आहे. माझ्या वतीने एक खांदा तू दे. एमरिसला जमलं तर त्यालाही घे. डिलविनला नक्की घे.

फोन ठेवला तेव्हा थोरा दारात होती. म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "माझा मावसभाऊ गेला." "कोण मावसभाऊ?" मी नाव सांगितलं. ती तशीच उभी राहिली, हातात माझ्यासाठी आणलेले मासे. मी वाट बघत होतो, आता ती जाईल. मग ती आत आली, मासे ठेवले आणि चहाचं पाणी चुलीवर ठेवलं. आम्ही चहा प्यायलो. जाताना म्हणाली, "उद्या येते."

इस्लविनचा निरोप क्लेमला सांगायचा होता. सांगितला. त्यावर तो काही म्हणाला नाही.

क्लेम